गेला, पण कशाने? : आप्तांनी मागितलेली शवचिकित्सा

१. दोन प्रश्न

"माणूस गेला तो गेला, आता त्याच्या देहाची चिरफाड करून काय मिळणार?" हा प्रश्न मृत्यूच्या दिवशी घरातले वडीलधारे हमखास विचारतात, आणि त्यांच्या विचारण्यात माया असते, मृताच्या देहाची विटंबना होऊ नये ही कळकळ असते. परंतु दहावे-बारावे उरकून, भेटीस येणाऱ्यांची वर्दळ ओसरून, घर पुन्हा आपल्या रोजच्या चालीवर येऊ लागले म्हणजे त्याच माणसांच्या मनात दुसरा एक प्रश्न उभा राहतो : "पण तो गेला कशाने?" या दोन प्रश्नांच्या क्रमातच सारी अडचण साठलेली आहे, कारण पहिला प्रश्न विचारला जातो तेव्हा देह समोर असतो, आणि दुसरा मनात येतो तेव्हा त्याची राखही विसर्जित झालेली असते.

मृत्यूचे कारण शोधण्यासाठी डॉक्टरने मृतदेहाची आतून व बाहेरून जी पद्धतशीर तपासणी करावयाची, तिला शवचिकित्सा म्हणतात. व्यवहारात आपण तिला पोस्टमॉर्टेम म्हणतो आणि तिचे नाव निघताच पोलीस, पंचनामा व कोर्ट यांची आठवण करतो. अमेरिकेत मात्र तिचा एक निराळा प्रकार रूढ आहे. तेथे सरकारने हुकूम केलेला नसताना, रुग्णालयाने सुचविलेले नसताना, मृताचे आप्तच स्वतःच्या खर्चाने, आपल्या पसंतीच्या डॉक्टरकडून अशी तपासणी करवून घेतात. शोकाने खचलेल्या कुटुंबाने हा खर्च आणि हा मनस्ताप का पत्करावा, आणि त्यातून त्याच्या पदरात नेमके काय पडते, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

२. दाखल्यावर लिहिलेले कारण

"मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरांनी कारण लिहिलेच आहे, मग आणखी शोधायचे काय?" अशी शंका येथे साहजिकच येईल. तिचे निरसन करण्यासाठी दाखला कसा लिहिला जातो ते आधी पाहू.

दाखल्यावर पुष्कळदा "हृदयक्रिया बंद पडून मृत्यू" असा मजकूर आढळतो. पण हृदय तर मरणाऱ्या प्रत्येकाचे बंद पडते. तो मृत्यूचा प्रकार झाला, त्याचे कारण नव्हे. शेतातल्या शेवटच्या वाफ्याला पाणी पोहोचले नाही, एवढे सांगून शेतकऱ्याचे समाधान होत नाही. विहीर आटली, मोट फाटली, पाट मध्येच फुटला, की कोणी दारे दुसरीकडे वळवले, हे कळल्यावाचून त्याला पुढची तजवीज करता येत नाही. मृत्यूच्या बाबतीतही तसेच आहे. म्हणूनच दाखल्याच्या आंतरराष्ट्रीय नमुन्यात एकाखाली एक ओळी असतात : वरच्या ओळीत मृत्यूस निकट कारण, त्याखाली त्या कारणाचे कारण, आणि सर्वांत खाली ज्या मूळ रोगापासून ही साखळी सुरू झाली तो रोग. खालची ओळ सर्वांत मोलाची, आणि नेमकी तीच पुष्कळदा अनुमानाने भरलेली असते.

हे अनुमान कितपत खरे ठरते? अमेरिकेतील बॉस्टन शहरातल्या एका नामांकित अध्यापन-रुग्णालयातील डॉक्टर ली गोल्डमन व त्यांचे सहकारी यांनी १९६०, १९७० आणि १९८० या तीन वर्षांतील प्रत्येकी शंभर शवचिकित्सांचे दप्तर तपासून १९८३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरांपैकी सुमारे दहा मृतांच्या बाबतीत असा एखादा मोठा रोग हुकला होता, की तो वेळीच कळता तर उपचार बदलले असते आणि कदाचित आयुष्यही वाढले असते. आणखी सुमारे बारा जणांत मोठे निदान हुकले होते, मात्र ते कळूनही परिणाम बदलला नसता. विशेष विचार करण्याजोगी गोष्ट ही, की या वीस वर्षांत शरीराच्या आतले चित्र दाखविणारी नवनवी यंत्रे रुग्णालयांत आली, तरी हुकलेल्या निदानांचे प्रमाण घटले नाही. यावरून डॉक्टर बेपर्वा असतात असा अर्थ कोणी काढू नये. जिवंत माणसाच्या आत डोकावण्यास मर्यादा आहेत, आणि मृत्यूपूर्वीचे काही तास घाईचे व गोंधळाचे असतात, एवढाच त्याचा अर्थ.

३. तपासणीच्या तीन वाटा

शवचिकित्सा कोण मागतो यावरून तिचे तीन प्रकार पडतात.

पहिली न्यायवैद्यक. अपघात, आत्महत्या, खून, किंवा आकस्मिक व संशयास्पद मृत्यू असेल तर राज्यसंस्थेला त्याची तहकिकात करावी लागते. अमेरिकेत हे काम काही ठिकाणी 'मेडिकल एक्झामिनर' या डॉक्टर अधिकाऱ्याकडे, तर काही ठिकाणी 'कॉरोनर' या अधिकाऱ्याकडे असते; हा कॉरोनर बहुधा निवडून आलेला असतो आणि तो डॉक्टर असलाच पाहिजे असा नियम सर्वत्र नाही. या तपासणीस आप्तांची संमती लागत नाही. आणि अधिकाऱ्याने "मृत्यू नैसर्गिक दिसतो" असे ठरवून प्रकरण स्वीकारण्याचे नाकारले, तर आप्तांचा आग्रहही सहसा चालत नाही.

दुसरी रुग्णालयीन. रुग्णालयात रोगाने मृत्यू आला असता, नातेवाइकांच्या लेखी संमतीने, रोग समजावा व डॉक्टरांचे ज्ञान वाढावे म्हणून ती केली जाते.

तिसरी खाजगी. वरील दोन्ही वाटा बंद असतील, किंवा ज्या रुग्णालयात मृत्यू झाला त्याच रुग्णालयाच्या तपासणीवर कुटुंबाचा भरवसा नसेल, तर ते स्वतंत्र विकृतिशास्त्रज्ञाकडे जाते. विकृतिशास्त्रज्ञ म्हणजे रोगामुळे अवयवांत व पेशींत झालेले बदल ओळखणारा डॉक्टर. गाठीचा तुकडा ज्याच्याकडे तपासणीस पाठवितात तो पॅथॉलॉजिस्ट.

४. रुग्णालयांनी ही चाल का सोडली?

आधुनिक वैद्यकाची उभारणीच मुळी मृतदेहांच्या तपासणीवर झालेली आहे. इटलीतील पादुआ येथील जिओव्हानी बातिस्ता मोर्गान्यी यांनी आयुष्यभराच्या सुमारे सातशे शवचिकित्सांचे सार १७६१ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी ग्रंथरूपाने मांडले, आणि रुग्णाच्या तक्रारींचा संबंध त्याच्या विशिष्ट अवयवातील बिघाडाशी जोडून दाखविला. पुढील शतकात व्हिएन्नाच्या रोकितान्स्की आणि बर्लिनच्या विर्खो यांनी या पद्धतीला शिस्त आणली. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील रुग्णालयांत मरण पावणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची शवचिकित्सा होत असे.

त्यानंतर मात्र उतार लागला. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या तेथील संस्थेने ठरावीक प्रमाणात शवचिकित्सा केल्याच पाहिजेत ही अट १९७१ साली काढून टाकली. या कामाचे वेगळे पैसे विमा कंपन्या देत नसत. निदान चुकल्याचे उघड झाल्यास दावा गुदरला जाईल ही धास्ती होती. शोकमग्न माणसांपुढे असा विषय काढणे डॉक्टरांनाही जड जात असे. आणि यंत्रांनी सारे दाखविलेच आहे हा विश्वास वाढत होता. परिणाम सरकारी आकड्यांत स्पष्ट दिसतो. अमेरिकेत रोगाने झालेल्या मृत्यूंपैकी १९७२ साली १६.९ टक्क्यांची शवचिकित्सा झाली होती, ती २००७ साली ४.३ टक्क्यांवर आली. खाजगी शवचिकित्सेची मागणी या पोकळीतून आली. जो प्रश्न पूर्वी रुग्णालय आपण होऊन विचारीत असे, तो आता कुटुंबाला पदरमोड करून विचारावा लागतो.

५. टेबलावर प्रत्यक्ष काय घडते?

ज्याची कल्पनाही नकोशी वाटते, त्याविषयीची भीती माहितीनेच कमी होते, म्हणून हा भाग न टाळता सांगणे बरे.

प्रथम मृताचे वैद्यकीय कागद वाचले जातात, कारण काय शोधावयाचे हे त्यांवरून ठरते. मग बाह्य तपासणी : जखमा, सूज, सुया टोचल्याच्या खुणा, त्वचेचा रंग. त्यानंतर दोन्ही खांद्यांपासून छातीच्या मध्यापर्यंत आणि तेथून खाली ओटीपोटापर्यंत छेद घेऊन अवयव क्रमाने बाहेर काढतात, त्यांचे वजन करतात व ते उघडून पाहतात. प्रौढ माणसाचे हृदय साधारणतः तीनशे ग्रॅमच्या आसपास, यकृत सुमारे दीड किलो, मेंदू तेराशे ते चौदाशे ग्रॅम. काट्यावर हृदय पाचशे ग्रॅम भरले तर तेवढ्यावरूनच तपासणाऱ्याचे लक्ष एका दिशेला वळते.

एकच उदाहरण जवळून पाहू. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी एखादी व्यक्ती धाप लागून अचानक मरण पावली, तर हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणारी धमनी अत्यंत काळजीपूर्वक उघडतात. तीत रक्ताची गुठळी आढळली म्हणजे काम संपत नाही, कारण मृत्यूनंतरही रक्त गोठते. मृत्यूनंतर गोठलेले रक्त ओलसर, चकचकीत व लवचिक असते आणि धमनीच्या भिंतीपासून अलगद सुटते. उलट मृत्यूपूर्वी पायाच्या शिरेत तयार होऊन वर वाहत आलेली गुठळी कोरडी व ठिसूळ असते, तिच्यावर फिकट व गडद आडव्या रेषा दिसतात, तिचा आकार ती ज्या शिरेत वाढली त्या शिरेचा असतो, आणि क्वचित त्या शिरेच्या झडपांचे ठसेही तिच्यावर उमटलेले सापडतात. मग पायाच्या शिरा उघडून तिचा उरलेला भाग शोधतात. "अचानक श्वास लागला" एवढेच ज्याविषयी घरात कोणाला सांगता येत होते, त्या मृत्यूचा सारा मार्ग अशा रीतीने पायापासून छातीपर्यंत रेखाटता येतो.

अवयवांचे लहान तुकडे फॉर्मालिन या द्रावणात टिकवून, मेणात बसवून, त्यांचे अतिशय पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. औषध वा विष यांच्या तपासणीसाठी रक्त, मूत्र आणि डोळ्यांतील द्रव राखून ठेवतात. प्रत्यक्ष तपासणी दोन ते चार तासांत आटोपते, प्राथमिक निष्कर्ष एक-दोन दिवसांत कळतात, पण अंतिम अहवालाला कित्येक आठवडे लागतात. शेवटी छेद शिवतात. डोक्यावरचा छेद एका कानामागून दुसऱ्या कानामागे घेतलेला असल्यामुळे केसांत झाकला जातो, आणि वस्त्र नेसविल्यावर अंत्यदर्शनास आलेल्यांना तपासणीची खूण सहसा दिसत नाही. संमती देताना "केवळ छातीच तपासा" किंवा "डोक्यास हात लावू नका" अशी मर्यादा घालण्याची मुभाही आप्तांना असते.

६. शोकाकुल घराला काय मिळते?

पहिला लाभ मनाचा. समजा, एका वृद्ध गृहस्थांची रात्री पाठ दुखू लागली, मुलाने वेदनेची गोळी देऊन "बाबा, सकाळी डॉक्टरांकडे जाऊ" म्हटले, आणि पहाटेपूर्वीच ते गेले. "मी त्याच रात्री नेले असते तर?" हा प्रश्न त्या मुलाला आयुष्यभर छळू शकतो. शवचिकित्सेत असे आढळले, की पोटातील महाधमनीला फार वर्षांपासून फुगा आला होता, त्याची कोणतीही तक्रार कधी नव्हती आणि त्या रात्री तो एकाएकी फुटला. तर या विकारात असंख्य रुग्ण रुग्णालयाच्या दारापर्यंतही पोहोचत नाहीत आणि पोहोचलेलेही सारे वाचत नाहीत, हे डॉक्टर त्याला अहवाल समोर ठेवून सांगू शकतात. दुःख तेवढेच राहते. परंतु त्यातून स्वतःवरच्या आरोपाचा अंश निघून जातो. कधी अहवाल उलटही बोलतो, उशीर भोवला असे सांगतो. तरीही एक निश्चित सत्य पचविणे हे रोज नवी रूपे घेणाऱ्या दहा शंकांबरोबर जगण्यापेक्षा पुष्कळांना सुसह्य वाटते.

दुसरा लाभ मागे राहिलेल्यांच्या जिवाचा. चाळिशीतला धडधाकट माणूस झोपेतच गेला, आणि दाखल्यावर "हृदयविकाराचा झटका" असे लिहिले गेले. शवचिकित्सेत मात्र हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या आणि हृदयाच्या दोन कप्प्यांमधील पडदा प्रमाणाबाहेर जाड आढळला. हा हृदयस्नायू जाड होण्याचा विकार सुमारे पाचशे माणसांत एकास असतो, आणि तो पुष्कळदा आनुवंशिक असून तशा घरात आई वा बापाकडून प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. याचा अर्थ त्या माणसाच्या भावंडांची आणि मुलांची हृदयाची सोनोग्राफी व ईसीजी तातडीने व्हावयास हवा. दोष सापडला तर औषधे आहेत, कठोर व्यायामाविषयी सल्ला आहे, आणि धोका मोठा असल्यास हृदयाची लय सावरणारे छोटे यंत्र छातीत बसविता येते. चुकीच्या दाखल्यावर विसंबून हे कुटुंब कोलेस्टेरॉल तपासत बसले असते. मेंदूच्या रोगांतही असेच घडते. आलोइस अल्झायमर यांनी आपल्या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेल्या रोगाचे पहिले वर्णन १९०६ साली केले, ते एका स्त्रीच्या मेंदूच्या मरणोत्तर तपासणीवरूनच. आणि स्मृतिभ्रंश नेमका कोणत्या रोगाचा होता याचा अखेरचा निर्वाळा आजही मेंदूचीच तपासणी देते.

तिसरा लाभ सत्याचा आणि न्यायाचा. एमेट टिल हा शिकागोचा चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा १९५५ साली मिसिसिपी राज्यात नातेवाइकांकडे गेला असता त्याचा अमानुष खून झाला. त्याच्या देहाची शवचिकित्सा झाली नाही. आणि नदीतून काढलेला देह त्याचाच कशावरून, अशी शंका आरोपींच्या वकिलांनी कोर्टात उपस्थित केली. केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीने तासाभराच्या खलबतानंतर आरोपींना निर्दोष ठरविले. पन्नास वर्षांनी, २००५ साली, देह उकरून काढून तपासला गेला, डीएनएवरून तो एमेटचाच असल्याचे सिद्ध झाले, आणि कवटीत धातूचे तुकडे व मांडीची हाडे मोडलेली आढळली. तोवर त्याची आई निवर्तली होती. २०२० साली मिनिआपोलिस येथे पोलिसांच्या ताब्यात मरण पावलेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या कुटुंबाने मात्र सरकारी तपासणीवर न थांबता लगेच स्वतंत्र तज्ज्ञ नेमले. दोन्ही अहवालांनी मृत्यू दुसऱ्याच्या हातून घडल्याचे म्हटले. पण मृत्यू श्वास कोंडल्याने झाला हे कुटुंबाच्या तज्ज्ञांनी निःसंदिग्ध शब्दांत मांडले.

७. मर्यादा आणि सावधगिरी

शवचिकित्सा सर्वज्ञ नाही. हृदयाच्या विद्युत्-लयीतील काही बिघाड मागे कोणतीच खूण ठेवीत नाहीत, आणि मग सारे अवयव निर्दोष असल्याचा अहवाल हाती येतो. तोही निरुपयोगी नसतो, कारण अशा वेळी राखलेल्या रक्तावरून आनुवंशिक दोष शोधता येतो. देह टिकविण्याची रसायने भरल्यानंतर विषतपासणी अवघड होते. काळ जितका लोटेल तितक्या खुणा पुसट होतात. दहनानंतर काहीच उरत नाही.

खर्चही लहान नाही. अमेरिकेत खाजगी शवचिकित्सेला साधारणतः तीन ते पाच हजार डॉलर पडतात, देहाची ने-आण व विशेष चाचण्या वेगळ्या. आणि विमा सहसा हा भार उचलत नाही. त्यामुळे खाजगी तज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी मृत्यू झालेल्या रुग्णालयाकडेच चौकशी करावी. काही अध्यापन-रुग्णालये आपल्या रुग्णांची तपासणी विनामूल्य करतात.

शोकात माणूस सहज फसतो, हेही ध्यानात ठेवावे. कॅन्सस राज्यात डॉक्टरकीची कोणतीही पदवी नसलेल्या एका इसमाने खाजगी शवचिकित्सेच्या नावाखाली तीन वर्षांत साडेतीनशेहून अधिक ग्राहकांकडून अकरा लाखांहून अधिक डॉलर उकळले. पुष्कळांना डॉक्टरने तपासलेला अहवाल मिळालाच नाही. २०२२ साली न्यायालयाने त्याला पावणेसहा वर्षांची कैद सुनावली. म्हणून पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी लेखी विचाराव्यात : तपासणी स्वतः कोण करणार आणि अहवालावर सही कोणाची, त्या डॉक्टरला अमेरिकन बोर्ड ऑफ पॅथॉलॉजीची मान्यता आहे काय, सूक्ष्मदर्शकाची व विषाची तपासणी या रकमेत येते काय, आणि नमुने कोठे व किती काळ जपले जातील.

८. आपल्याकडे काय?

भारतात खाजगी शवचिकित्सेचा असा व्यवसाय रुजलेला नाही. आकस्मिक वा संशयास्पद मृत्यूत पोलीस पंचनामा करतात आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमानुसार देह सरकारी डॉक्टरकडे जातो. तेथे आप्तांची संमती विचारली जात नाही. रोगाने आलेल्या मृत्यूत मात्र आप्त स्वतः पुढे होऊन, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, लेखी संमतीने शवचिकित्सेची विनंती करू शकतात. ही वाट आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

मृतदेह उघडून पाहणे आपल्या परंपरेला अपरिचित आहे, असेही म्हणता येत नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात देह गवताने वेढून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री राहू द्यावा आणि मग थरामागून थर अलगद दूर करीत आतील अवयव डोळ्यांनी पाहावेत, अशी सूचना आहे. शरीराचे ज्ञान प्रत्यक्ष पाहिल्यावाचून पुरे होत नाही, हा त्या ग्रंथकाराचा निश्चय होता.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा विषय अधिक जवळचा आहे. तेथे घरातले माणूस अचानक गेले, की इकडच्या नातेवाइकांचे फोन, विमानाची तिकिटे आणि दहनाची व्यवस्था यांच्या धांदलीत कारणाचा विचार मागे पडतो. आणि दहन ही आपली रीत असल्यामुळे, दफन करणाऱ्यांना पुढे देह उकरून तपासण्याची जी संधी राहते, ती आपल्याला मुळीच राहत नाही.

म्हणून वाचकांना एवढेच आग्रहाने सांगणे आहे : मृत्यू अनपेक्षित असेल, माणूस तरुण असेल, घरात पूर्वी असाच कोणी अचानक गेलेला असेल, किंवा उपचारांविषयी मनात रास्त शंका असेल, तर अंत्यविधीची वेळ ठरविण्यापूर्वी डॉक्टरांना "शवचिकित्सा करता येईल काय?" असे स्पष्ट विचारा. नको वाटले तर नकार देण्याचा अधिकार तुमचाच आहे. पण तो नकार समजून-उमजून दिलेला असावा, विचारायचे राहून गेले म्हणून झालेला नसावा.